माल कोणाचा, जोखीम कोणाची?

मोटार दुरुस्तीच्या कारखान्यात उभी असते, यंत्रावरचे झाकण उघडलेले असते, आणि मिस्त्री फडक्याला हात पुशीत सांगतो की अमुक एक भाग गेला, नवा घालावा लागेल. येथून मालकाच्या मनात जो हिशेब सुरू होतो तो बहुधा पैशाचाच असतो. भाग कारखानदाराकडून घ्यावा तर त्यावर त्याचा नफा चढणार. बाजारातून स्वतः आणून द्यावा तर तेवढे पैसे वाचणार आणि मिस्त्रीला केवळ मजुरी द्यावी लागणार. व्यवहार वरवर इतका साधा दिसतो की, त्याच्या पोटात कायद्याचा एक फार जुना प्रश्न दडलेला आहे हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. तो प्रश्न किमतीचा नाही. उद्या तो भाग उताराच्या रस्त्यावर मोडला तर उत्तर कोणी द्यावयाचे, हा तो प्रश्न होय.

कारागिराला माल आपण द्यावयाचा की त्याचा घ्यावयाचा, ही विवंचना मोटारीहून कितीतरी जुनी आहे. महाराष्ट्रातील गावगाड्यात सुताराने औत घडवावयाचे तर लाकूड शेतकऱ्याचे असे, लोहाराने फाळ घडवावयाचा तर लोखंड शेतकऱ्याचे असे. कारागिराचा होता तो हात, आणि त्या हाताचा मोबदला सुगीच्या वेळी खळ्यावर बलुत्याच्या रूपाने त्याला मिळे. लाकूड किडके निघाले तर शेतकरी सुताराला दोष देऊ शकत नसे, कारण ते त्याच्याच बांधावरचे असे. जोड ढिला पडला तर मात्र सुताराला पुन्हा हत्यार उचलावे लागे. माल देणारा मालाला जबाबदार आणि हात चालविणारा हाताला जबाबदार, अशी ही वाटणी कोणी लिहून ठेवली नव्हती, परंतु ती सर्वांना ठाऊक होती.

रोमन कायदेपंडितांनी हाच प्रश्न सोनाराच्या दुकानात उभा केला. दुसऱ्या शतकातील गायस याने आपल्या ग्रंथात विचारले की, सोनाराने स्वतःच्या सोन्याच्या अंगठ्या ठराविक वजनाच्या व घडणीच्या करून द्यावयाच्या आणि त्याबद्दल दोनशे दिनार घ्यावयाचे, असे ठरले तर त्या कराराला विक्री म्हणावे की मजुरी? कॅसियस नावाच्या पूर्वसूरीचे मत असे की सोन्यापुरती ती विक्री आणि कामापुरती मजुरी. बहुतेकांनी ते मान्य केले नाही. त्यांच्या मते ही सारी विक्रीच. परंतु सोने गिऱ्हाइकाने दिले आणि सोनाराला घडणावळ तेवढी ठरवून दिली, तर तो व्यवहार मजुरीचा, याविषयी कोणाचेच दुमत नव्हते. सम्राट जस्टिनियन याच्या इ. स. ५३३ मधील संहितेत हा निर्णय जसाच्या तसा उतरला. विक्री म्हटली की विकणाऱ्यावर मालाची जबाबदारी येते. मजुरी म्हटली की ती केवळ कसबाची उरते.

कौटिल्याला या प्रकरणात वेगळीच भीती वाटत होती. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात पेठेतील सोनारकामाचा एक स्वतंत्र अध्याय आहे. तेथे नागरिक आपले सोने-रुपे घेऊन येतात आणि कारागीर ते घडवून देतात. जेवढे व ज्या वर्णाचे सोने घेतले, तेवढे व त्याच वर्णाचे परत द्यावयाचे. सांगितल्याहून निराळे काम केले तर मजुरी बुडाली आणि वर तिच्या दुप्पट दंड. काम वेळेवर दिले नाही तर मजुरीचा चौथा हिस्सा गेला आणि त्याच्या दुप्पट दंड. त्यानंतर सोनाराच्या चोरीच्या पाच युक्त्या वर्णिल्या आहेत. तराजूतील खोटेपणापासून, चांगले सोने काढून घेऊन हीण भरण्यापर्यंत त्यांचे इतके तपशील आहेत की, लिहिणाऱ्याने मुशीशेजारी बसून ते पाहिले असावेत असे वाटते. दुरुस्तीच्या कारखान्यात जुना भाग काढून नवा घातल्याचे बिल लागते आणि प्रत्यक्षात जुन्यालाच घासूनपुसून बसविलेले असते, तेव्हा मालकाला येणारा संशय या अध्यायाच्या कुळातलाच असतो.

परंतु सोने आणि मोटारीचा सुटा भाग यांत एक मोठा फरक आहे. सोने हा कच्चा माल आहे, ते ओळखीच्या कसोटीवर घासून पाहता येते. मोटारीचा भाग हा घडवून तयार झालेला माल असतो आणि त्याचे गुणदोष पोलादाच्या पोटात असतात. शिवाय असा तयार भाग बाजारातून आणून दुसऱ्याच्या हाती द्यावा, ही कल्पनाच मुळी अलीकडची आहे. प्रारंभीच्या मोटारींचे भाग एकमेकांत बसत नसत. एका गाडीचा भाग तिच्याच नमुन्याच्या दुसऱ्या गाडीला घालावयाचा तर फिटरला कानस घेऊन तो घासूनघासून जुळवावा लागे.

ही स्थिती पालटली हे जगाला १९०८ साली इंग्लंडमध्ये ब्रुकलंड्स येथे दिसले. रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या देखरेखीखाली अमेरिकन बनावटीच्या तीन कॅडिलॅक मोटारी पूर्णपणे खोलण्यात आल्या, त्यांचे भाग एकत्र मिसळण्यात आले आणि त्यांतील ८९ भाग काढून त्यांच्या जागी विक्रेत्याच्या साठ्यातील दुसरे भाग ठेवण्यात आले. मग पाने आणि पेचकस एवढ्याच हत्यारांनी त्या ढिगातून पुन्हा तीन गाड्या उभ्या केल्या गेल्या आणि त्या मैदानावर ५०० मैल धावल्या. त्या वर्षीची ड्यूअर ढाल या कंपनीला मिळाली. ढालीपेक्षा महत्त्वाची गोष्ट अशी घडली की, सुटा भाग त्या दिवसापासून मोटारीहून स्वतंत्र असा बाजाराचा जिन्नस झाला. तो कारखानदाराने आणावा किंवा मालकाने आणावा, बसण्याच्या दृष्टीने दोन्ही सारखेच. जबाबदारीच्या दृष्टीने मात्र ते सारखे नव्हते, आणि ते कळावयास आणखी पाव शतक जावे लागले.

१९३४ च्या इंग्लिश निकालपत्रांत मायर्स विरुद्ध ब्रेंट क्रॉस सर्व्हिस कंपनी असा एक छोटा खटला छापलेला आहे. एका मोटारीच्या दुरुस्तीत दुरुस्ती करणाऱ्यांनी नवे कनेक्टिंग रॉड घातले. सिलिंडरातील दट्ट्याची वरखाली गती खालच्या क्रँकशाफ्टला फिरती करून देणारा हा दांडा यंत्राच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर ओढला आणि दाबला जातो. ते दांडे कारखान्याने स्वतः घडविलेले नव्हते, बाहेरून मागविलेले होते. त्यांपैकी एकात अंतर्गत दोष होता. तो कोणत्याही वाजवी तपासणीत सापडण्यासारखा नव्हता, आणि पुढे तो दांडा तुटून यंत्राची मोडतोड झाली. कारखानदाराचे म्हणणे असे की, आमच्या कामात कसूर नाही. दोष पोलादात होता, तो आम्हांस कसा दिसावा? खालच्या न्यायालयाला हे पटले. वरिष्ठ न्यायालयाला पटले नाही. न्यायमूर्ती ड्यू पार्क यांच्या निकालाचा आशय असा की, जो मनुष्य काम करण्याचे आणि त्यासाठी माल पुरविण्याचेही पत्करतो, तो आपला माल चांगला आणि त्या कामास योग्य असल्याची हमी देतो. दोष त्याला दिसण्यासारखा होता की नव्हता याला महत्त्व नाही. परिस्थितीवरून ही हमी वगळली गेल्याचे दिसले तरच तो सुटतो.

मालकाने माल स्वतः आणणे ही हमी वगळली जाण्याची अगदी उघड परिस्थिती आहे. त्या खटल्यातील मालकाने तोच दांडा, त्याच विक्रेत्याकडून, चार पैसे वाचवून स्वतः आणला असता, तर कारखान्याविरुद्धचा त्याचा दावा तेथेच संपला असता. ज्याला गिऱ्हाईक दलालाची वरकमाई समजते त्या रकमेत विम्याचा थोडा हप्ता मिसळलेला असतो, असे या निकालावरून म्हणावे लागते. याचा अर्थ प्रत्येक कारखानदाराने लावलेला भाव वाजवी असतो असा मात्र नव्हे. पुष्कळ ठिकाणी मजुरीचा दर गिऱ्हाईक ओढण्यासाठी मुद्दाम कमी सांगितला जातो आणि तूट भागांच्या किमतीतून भरून काढली जाते. म्हणूनच भाग घेऊन येणाऱ्या गिऱ्हाइकाकडे मिस्त्री कपाळाला आठी घालून पाहतो. त्याची बाजूही ऐकण्यासारखी आहे. आणलेला भाग बसत नाही असे गाडी खोलल्यावर कळते, मालक तो बदलून आणावयास जातो, आणि कारखान्यातील जागा अर्धवट उघड्या गाडीने दोन दिवस अडून राहते.

ही विचारसरणी पुढे आणखी पक्की होत गेली. १९५२ मधील एका इंग्लिश खटल्यात मोटारीच्या ब्रेकचे काम कारखान्याने एका तज्ज्ञ संस्थेकडून करवून घेतले होते. काम सदोष निघाले आणि गाडीला अपघात झाला, तेव्हा न्यायालयाने कारखान्यालाच जबाबदार धरले. माल गिऱ्हाइकाने निवडला, पण आणला मात्र कारागिराने, या मधल्या अवस्थेचा निर्णय १९६८ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने दिला. तो खटला मोटारीचा नसून छपराच्या कौलांचा होता. घरे बांधणाऱ्यांनी ‘सॉमरसेट १३’ या नावाचीच कौले हवीत असे सांगितले होते. ती करणारा कारखाना एकच होता. कौले आतून खराब निघाली. लॉर्ड सभेचा निर्णय असा की, ही जात या कामास योग्य आहे का याची जबाबदारी निवडणाऱ्याची, परंतु आणलेला नग त्या जातीचा निर्दोष नग असावा ही जबाबदारी आणून बसविणाऱ्याची. लॉर्ड रीड यांनी दिलेले कारण फार व्यवहारी आहे. कारागीर विक्रेत्याकडे दाद मागू शकतो, विक्रेता उत्पादकाकडे मागू शकतो. घरमालकाचा मात्र उत्पादकाशी करारच नसतो. मधला कारागीर सुटला तर ही साखळी तुटते आणि ज्याचे नुकसान झाले तो एकटा मागे राहतो. मोटारमालकाने हवा तो छाप सांगावा, पण खरेदी कारखान्याकडून करवून घ्यावी, या मध्यम मार्गाला असा आधार मिळाला.

भारतात कायद्याची चौकट याहून जुनी आहे. १८७२ च्या करार कायद्यात, दुरुस्तीसाठी दिलेली वस्तू ही घेणाऱ्याने सामान्य शहाण्या माणसाने स्वतःच्या वस्तूची घ्यावी तेवढी काळजी घेऊन सांभाळावयाची ठेव आहे. त्याच कायद्यातील १७० व्या कलमाखालील उदाहरणे वाचणाऱ्याला सोनाराचे दुकान पुन्हा दिसू लागते. पैलू पाडण्यासाठी हिरा घेतलेल्या जवाहिऱ्याला मजुरी मिळेपर्यंत तो अडवून ठेवता येतो. कोटासाठी कापड घेतलेल्या शिंप्याने तीन महिन्यांची उधारी कबूल केली असेल तर मात्र त्याला कोट अडविता येत नाही. १५० वे कलम मालकाकडे वळते. दिलेल्या वस्तूत आपल्याला ठाऊक असलेला घातक दोष असेल तर तो सांगितलाच पाहिजे. भंगारातून उचललेला भाग नवा म्हणून मिस्त्रीच्या हाती देणाऱ्याने हे कलम आठवावे. १९३० च्या मालविक्री कायद्याने विक्रेत्यावर गुणवत्तेची जबाबदारी घातली. तो कायदा १८९३ च्या इंग्लिश कायद्याच्या धर्तीवरचा असल्यामुळे तिकडील निकालांचे तर्क इकडेही ओळखीचे वाटतात.

गायसने विचारलेला प्रश्न भारतात पुन्हा उठला तो विक्रीकरामुळे. १९५८ साली मद्रास राज्य विरुद्ध गॅनन डंकर्ले या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, इमारत बांधण्याच्या अखंड करारात मालाची वेगळी विक्री नसते, म्हणून त्यावर राज्याला विक्रीकर लावता येत नाही. मग चौकशी सुरू झाली ती गाड्यांच्या सांगाड्यांची. गिऱ्हाइकाने दिलेल्या चाशीवर बसचा सांगाडा बांधून देणे ही १९६५ मध्ये विक्री ठरली, आणि रेल्वेने दिलेल्या चौकटीवर डब्याचा सांगाडा बांधून देणे हे १९६७ मध्ये केवळ काम ठरले. बांधकाम चालू असताना त्या सांगाड्याचा मालक कोण, यावर हा भेद आधारला होता. शेवटी १९८२ च्या ४६ व्या घटनादुरुस्तीने अशा करारांतील माल कराच्या दृष्टीने वेगळा काढण्याची सोय केली, आणि कॅसियसचे अल्पमतातले म्हणणे अठराशेहून अधिक वर्षांनी भारताच्या राज्यघटनेत आले.

परंतु भारतातील मोटारमालकाने स्वतः भाग आणण्याची सवय लावून घेतली ती कायद्याचा विचार करून नव्हे. ती सवय टंचाईने लावली. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत मोटारी जुळविण्याचा कारखाना काढला होता, फोर्डचेही काम तेथे चाले. महायुद्धात आयात आटली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली, बिर्लांची हिंदुस्थान मोटर्स त्याआधी १९४२ मध्ये निघालेली होती. १९५३ च्या सुमारास सरकारने धोरण ठरविले की, ज्यांना देशात प्रत्यक्ष उत्पादन करावयाचे आहे त्यांनीच या धंद्यात राहावे. त्यानंतर दोन्ही अमेरिकन कंपन्यांनी येथील काम आवरते घेतले. त्यांच्या गाड्या मात्र रस्त्यावर राहिल्या, आणि त्यांचे मालकही.

पुढची दोन-तीन दशके ही या मालकांच्या भटकंतीची दशके होती. परकीय चलनाच्या ओढीमुळे आयातीचे परवाने दुर्मिळ झाले होते. देशी भाग तयार होऊ लागले होते. मद्रासला इंडिया पिस्टन्स, बंगलोरला मायको, पुढे साठीच्या प्रारंभी ब्रेक्स इंडिया आणि लुकास-टीव्हीएस. परंतु हे कारखाने चालू नमुन्यांच्या मागण्या आधी पुरवीत. जुन्या परदेशी गाडीचा भाग कारखानदाराच्या फळीवर नसेच. मग दिल्लीत काश्मीरी गेट, कलकत्त्यात मल्लिक बाजार, मद्रासेत पुदुपेट, मुंबईत ऑपेरा हाउसचा परिसर किंवा चोरबाजार, अशी शोधयात्रा निघे. मोडीत काढलेल्या गाड्यांचे अवयव तेथे ढिगांनी रचलेले असत आणि तेलकट हातांचे जाणते दुकानदार नुसत्या स्पर्शाने साल आणि नमुना सांगत. मुंबईहून दिल्लीस बदलून गेलेला सरकारी नोकर सुटीत गावी येताना परतीच्या सामानात एखादा क्लच प्लेटचा खोका ठेवी, तो याच काळात. अशा वेळी भाग कोणी आणावा हा प्रश्नच उरला नव्हता. ज्याला सापडेल त्याने आणावा!

या बाजारांनी पुष्कळ गाड्या जगविल्या, हे निर्विवाद. पण तेथेच अस्सल खोक्यात नक्कल माल भरण्याची कलाही वाढीस लागली. कौटिल्याच्या सोनाराला गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत हीण भरावे लागे. येथे ते भरणारा अदृश्य असतो, आणि मालक व मिस्त्री दोघेही फसतात. दिवा, पंख्याचा पट्टा किंवा काच पुसण्याचे रबर नक्कल निघाले तर मनस्ताप होतो आणि थोडे पैसे जातात. ब्रेकचे अस्तर किंवा सुकाणूचा सांधा नक्कल निघाला तर गाडीतील माणसांच्या जिवाशी गाठ पडते, आणि रस्त्यावरून पायी चालणाऱ्याच्याही. पहिल्या जातीचे भाग मालकाने खुशाल आणावेत. दुसऱ्या जातीत वाचणारी रक्कम क्वचितच त्या जोखमीच्या तोडीची असते. त्यातही खरी अडचण पुराव्याची आहे. मालकाने आणलेला भाग मोडला की मिस्त्री म्हणतो, भाग वाईट होता. दुकानदार म्हणतो, बसविला वाईट. दोघांपैकी एक खरे बोलत असतो, परंतु कोण हे सिद्ध करण्याचा भार मालकावर येतो, आणि त्याची तक्रार दोन दारांमध्ये हेलपाटे घालीत राहते. एकाच हाताने आणून बसविलेल्या भागाच्या बाबतीत हा वादच उद्भवत नाही.

टंचाई संपली, बाजारात नमुन्यांची गर्दी झाली, तेव्हा प्रश्नाने उलटे तोंड केले. आता भाग होते, पण ते उत्पादकांनी आपल्या अधिकृत कारखान्यांच्या बाहेर जाऊ देऊ नयेत, आणि बाहेर दुरुस्ती केली तर हमी रद्द व्हावी, अशी रीत पडली. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी या प्रकरणी चौदा मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. त्यावर अपिले झाली. आयोगाने असाही आदेश दिला होता की, सुटे भाग आणि तपासणीची साधने स्वतंत्र कारागिरांना मिळावीत, आणि केवळ बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणाने हमी सरसकट रद्द करू नये. मात्र बाहेरच्या सदोष दुरुस्तीमुळेच बिघाड झाला असेल, तर त्या बिघाडापुरती हमी नाकारण्याची मुभा कंपन्यांना ठेवली. म्हणजे दोष भागाचा, हाताचा की मूळ यंत्राचा, हे ठरविणे पुन्हा आलेच.

ते ठरविण्याची सोय १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात होती आणि त्याच्या जागी आलेल्या २०१९ च्या कायद्यातही आहे. वस्तूतील दोष तपासणीवाचून कळण्यासारखा नसेल तर ग्राहक मंच, म्हणजे आताचा आयोग, तिचा नमुना मोहोरबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवितो. तपासणीची फी प्रथम तक्रारदाराला भरावयास सांगता येते. तुटलेला भाग मात्र हाती असावा लागतो, आणि बहुतेक मालक तो कारखान्याच्या कोपऱ्यातील भंगारात टाकून, नव्याचे पैसे चुकते करून, घरी गेलेले असतात.